पेटीत दुसरी डिस्क बसवणे : साहित्य, कृती आणि परिणाम

टीव्हो ही टीव्हीखाली ठेवायची चपटी पेटी १९९९ साली अमेरिकेत विक्रीला आली. चालू कार्यक्रम मध्येच थांबवणे, मागे नेणे, रेकॉर्ड केलेल्या कार्यक्रमातल्या जाहिराती पळवणे आणि एखादी मालिका एकदा सांगून ठेवली की तिचा प्रत्येक भाग न चुकता टिपणे, ही तिची कामे. व्हीसीआरच्या काळात यातले शेवटचे काम घरातल्या कर्त्या पुरुषाकडे असे आणि तो ते विसरत असे. पेटीत एक बेताचा प्रोसेसर, लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम आणि एक हार्ड डिस्क असते. ही डिस्क तेव्हा कॉम्प्युटरच्या दुकानात मिळे तीच, साधी. ही बातमी ज्या दिवशी फुटली, त्या दिवसापासून या पेटीला कोणी सुखाने पडू दिलेले नाही.

पहिल्या पिढीतल्या सर्वांत लहान पेटीची क्षमता १४ तास सांगत. हे तास सर्वांत हलक्या चित्राचे. चित्राचे दर्जे चार : बेसिक, मीडियम, हाय आणि बेस्ट. बेस्ट लावले की सुमारे १३ जीबीच्या त्याच डिस्कवर १४ तासांचे साधारण चार उरतात. गिऱ्हाईक दुकानात तास पाहते आणि घरी आल्यावर चित्र पाहते, त्यामुळे टंचाई पहिल्याच आठवड्यात सुरू होते.

तरी चार तासांत अमेरिकी माणसाचे भागते. त्यांचा फुटबॉलचा सामना जाहिरातींसकट त्यात बसतो. वायटूकेच्या लाटेत न्यू जर्सीपासून कॅलिफोर्नियापर्यंत पसरलेल्या मराठी इंजिनियरांचे तसे नव्हते. २००३ चा वर्ल्ड कप दक्षिण आफ्रिकेत होता. अमेरिकेत तो पैसे मोजून आणि भल्या पहाटे पाहावा लागे, म्हणजे रेकॉर्ड केल्यावाचून गत्यंतर नाही. आणि एकदिवसीय सामना चालतो जवळपास आठ तास. १ मार्चचा सेंच्युरियनचा भारत-पाकिस्तान सामना उदाहरणादाखल घ्यावा. बेस्ट दर्जात चार तास रेकॉर्ड केले तर सईद अन्वरचे शतक पहिल्यापासून शेवटपर्यंत, अत्यंत सुस्पष्ट, मिळते. पाठोपाठ जेवणाची सुट्टी लागते आणि सचिन पॅड बांधत असेल त्या सुमारास डिस्क भरते. बेसिक दर्जा लावला तर सामना पुरा मिळतो, पण चेंडू मिळत नाही. शोएब अख्तर धावत येतो, सचिन बॅट फिरवतो, आणि थर्ड मॅनच्या मागची माणसे उठून नाचू लागली यावरून षटकार गेला असावा असे अनुमान काढावे लागते. न दिसणाऱ्या चेंडूवरच्या ७५ चेंडूंत ९८ धावा पाहण्याचे समाधान मर्यादित असते.

मोठी नवी पेटी घेणे हा यावरचा सरळ उपाय. तो न घेण्याचे कारण हिशेबात आहे. पेटीला रोज फोनच्या तारेवरून कार्यक्रमांचे वेळापत्रक येई आणि त्याची वर्गणी पडे. सुरुवातीला ती महिन्याला ९.९५ डॉलर किंवा एकरकमी १९९ डॉलर भरून आजीव अशी होती. मासिकांच्या आजीव वर्गणीदारांच्या घरात वाढलेला माणूस १९९ डॉलर भरतो. नंतर त्याला समजते की आजीव म्हणजे पेटीचा जीव, त्याचा नव्हे. नवी पेटी आणली की नवी वर्गणी. तेव्हा जुन्याच पेटीचे पोट वाढवणे फायद्याचे ठरते. या फायद्यात त्याचे रविवार धरलेले नसतात.

या टप्प्यावर घरात पुढील संवाद होतो.

“नवीनच का नाही घेत?”

“नव्याचे दोनशे जास्त जातात.”

“आणि हे बिघडलं तर?”

“कसं बिघडेल?”

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर हा यापुढील भागाचा विषय आहे.

पेटी उघडायला टी-१० मापाचा टॉर्क्स स्क्रू ड्रायव्हर लागतो. या स्क्रूच्या डोक्यात सहा टोकांचा तारा कोरलेला असतो. १९६७ साली हा प्रकार निघाला तो स्क्रू ड्रायव्हर घसरू नये म्हणून. घरगुती हत्यारांनी तो उघडतही नाही, हा जोडफायदा. तरीही प्रथम चपटा स्क्रू ड्रायव्हर लावून पाहिला जातो. मग त्याहून लहान चपटा, मग सुरीचे टोक, मग नखे घासायची कानस. कानशीच्या मालकिणीला हे संध्याकाळी कळते. एव्हाना ताऱ्याची दोन-तीन टोके गुळगुळीत झालेली असतात. मग हार्डवेअरच्या दुकानात जाणे आले. तिथे सुटा टी-१० नसतो, संच असतो, आणि संच घेतला की जो फायदा मघाशी काढला होता त्यातून पहिली वजावट होते. व्यवहारी माणसे संच घेत नाहीत. ती ज्याने संच घेतला आहे अशा शेजाऱ्याकडून टी-१० मागून आणतात.

मागचे स्क्रू निघाले की झाकण मागे सरकते, असे म्हणतात. प्रत्यक्षात ते सरकत नाही. पेटी गुडघ्यांत धरून दोन्ही अंगठ्यांनी रेटल्यावरही ते सरकत नाही. मग ते एकदम निघते आणि गृहस्थ झाकणासह कोचावर बसतो. सहा महिन्यांच्या व्हिसावर सांगलीहून आलेले वडील वर्तमानपत्र खाली करतात.

“चालू होतं ना?”

“हो.”

“मग उघडलंस कशाला?”

या प्रश्नाला तांत्रिक उत्तर नाही.

आत पाहिल्यावर दोन गोष्टी डोळ्यांत भरतात. पहिली धोक्याची आहे. पहिल्या पिढीच्या पेटीत वीजपुरवठ्याचे सर्किट वर कसलेही आवरण नसलेल्या उघड्या पट्टीवर असते आणि प्लग काढल्यावरही त्यावरचे कॅपॅसिटर काही काळ भार धरून ठेवतात. तिथे बोट लावायचे नसते. माहितगार मंडळी हे पहिल्याच वाक्यात सांगतात आणि ऐकणारा ते बोट तिकडे दाखवत ऐकतो. दुसरी गोष्ट म्हणजे डिस्कशेजारची रिकामी जागा. आणखी एक डिस्क नेमकी बसेल एवढी जागा, आणि केबललाही मधोमध एक न वापरलेला सॉकेट. मुंबईत फ्लॅटचा ताबा मिळाल्यावर बाल्कनी पाहून जो विचार मनात येतो, तोच इथे येतो. बंद करून आत घेतली तर केवढी जागा होईल!

आता डिस्क काढून कॉम्प्युटरला जोडायची. इथे जम्परचा विचार करावा लागतो. एका केबलवर दोन डिस्क असतील तर एक मास्टर आणि दुसरी स्लेव्ह असावी लागते, आणि कोण कोण आहे हे डिस्कच्या मागच्या पिनांवर चढवलेल्या इवल्याशा टोपीवरून ठरते. ही टोपी तांदळाच्या दाण्यापेक्षा फार मोठी नसते. ती कुठे चढवायची याची आकृती डिस्कवरच्या लेबलावर असते. डिस्क बसवल्यावर लेबल खाली जाते. टोपी बोटांनी निघत नाही, चिमट्याने निघते, आणि चिमट्याने निघाली की उडते. अमेरिकी घरांत भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा असतो. रंगाने तो बदामी आणि टोपीही नेमकी पांढरट. पुढला अर्धा तास घरातली सर्व माणसे हातपाय टेकून जमिनीवर असतात. नातवाला हा खेळ आवडतो. आजोबा चष्मा बदलून येतात आणि मागच्या महिन्यात हरवलेले कर्णफूल शोधून काढतात. टोपी शेवटी गृहस्थाच्याच कोपराला रुतलेली सापडते.

कॉम्प्युटर चालू करताना एक पथ्य काटेकोर पाळावे लागते. टीव्होची डिस्क जोडलेली असताना विंडोज २००० सुरू होऊ द्यायचे नाही. ते जी डिस्क दिसेल तिच्यावर आपली खूण लिहून ठेवते, कोणाला न विचारता, आणि त्यानंतर टीव्हो त्या डिस्कवरून उठत नाही. म्हणून लिनक्सची सीडी आधी घालून, कॉम्प्युटर सीडीवरूनच सुरू होईल अशी खात्री करायची असते. नेमका याच वेळी सांगलीहून आईचा फोन येतो. कॉलिंग कार्डाची मिनिटे पळत असल्याने तो घ्यावाच लागतो. “जेवलास का?” या प्रश्नाचे उत्तर देऊन गृहस्थ वळतो तेव्हा खोलीत विंडोजचे स्वागतसंगीत वाजत असते.

ज्यांचा फोन वाजत नाही त्यांच्यासाठी पुढची पायरी आहे. पहिल्या पिढीच्या टीव्होचा प्रोसेसर पॉवरपीसी जातीचा. त्याच्या डिस्कवर प्रत्येक दोन बाइट्स पीसीच्या मानाने उलटसुलट लिहिलेले असतात. लिनक्सला तसे आधी बजावले नाही तर डिस्क भरलेली असूनही कॉम्प्युटर तीत काही नसल्याचे सांगतो. हे सांगितल्यावर मूळ डिस्कची प्रत काढून ठेवायची. ही पायरी सर्व सूचनांत ठळक अक्षरांत असते आणि सर्वांत जास्त गाळली जाते, कारण तिला वेळ लागतो आणि तिचा उपयोग फक्त बिघाड झाला तर होतो.

जे प्रत काढतात तेही सुटत नाहीत. प्रत काढण्याची जुनी लिनक्स आज्ञा डीडी. तिला दोन गोष्टी सांगायच्या : आयएफपुढे जिथून घ्यायचे ती डिस्क, ओएफपुढे जिथे ठेवायचे ती. दोन्हींची नावे एका अक्षराच्या फरकाने सारखीच असतात. नावे उलटी पडली तर नव्या डिस्कवरचा कोरेपणा जुन्या डिस्कवर उतरवला जातो. डीडी याला हरकत घेत नाही आणि शंका विचारत नाही. काम संपल्यावर ती किती नोंदी आत आल्या आणि किती बाहेर गेल्या एवढे दोन आकडे दाखवते. ते आकडे जुळतात. ताळेबंद शेवटच्या पैपर्यंत बरोबर असतो आणि दोन्ही डिस्क कोऱ्या असतात.

यानंतर लग्न. ही या विद्येतली रूढ संज्ञा आहे. ब्लेसटीव्हो नावाचा एक छोटा प्रोग्रॅम नव्या डिस्कला दुसरी डिस्क म्हणून तयार करतो. पहिल्यांदा दोन्ही डिस्क घालून पेटी चालू केली की त्या एकमेकींशी बांधल्या जातात. पुढचे रेकॉर्डिंग दोन्हींवर मिळून पसरते. एक मेली तर दुसरीवरचे काही वाचवता येत नाही, आणि नवी काढून घेऊन पूर्वीसारखे एकटीला चालवू म्हटले तर जुनी तयार होत नाही. तशी वेळ आल्यास मघाशी गाळलेली प्रत लागते. स्वयंपाकघरात टांगलेले कालनिर्णय पाहून वडिलांनी “आज अमावास्या आहे” एवढेच सांगितलेले असते.

आता दोन्ही डिस्क पेटीत बसवायच्या. पट्टी आवळायची, केबल लावायच्या आणि समोरच्या दिव्यांकडे जाणारी चपटी केबल कामाच्या घाईत निसटलेली नाही ना ते पाहायचे. ती निसटलेलीच असते. त्यामुळे पहिल्या खेपेला पेटी चालू होते पण दिवा लागत नाही, रिमोट ऐकत नाही, आणि पुन्हा सगळे उघडावे लागते. आता झाकण सहज निघते. दुसऱ्यांदा सर्व बंद केल्यावर टेबलावर एक स्क्रू उरतो. तो कुठला हे कधीच कळत नाही. तो काचेच्या वाटीत ठेवतात, जिथे आधीच्या प्रकल्पांचे स्क्रू असतात.

प्लग लावला की पडद्यावर स्वागत येते. मग बराच वेळ काहीही न घडता, झालेच, आणखी थोडे सेकंद थांबा, अशा अर्थाची इंग्रजी पाटी येते. हे सेकंद लांबतात. घरातली माणसे कोचाच्या कडेवर बसलेली असतात. काही घरांत इथे चित्र येते. इतर घरांत हिरवा पडदा येतो. या पडद्यावर लिहिलेले असते की गंभीर बिघाड झाला आहे, पेटी स्वतःच दुरुस्ती करीत आहे, पुढील तीन तास तिचा प्लग आणि फोनची तार काढू नये. पेटी खोटे बोलत नाही. ती खरोखर डिस्क तपासत असते आणि कधी कधी सावरतेही. पण रविवारी संध्याकाळी तीन तास हिरव्या पडद्यासमोर बसणे हा कुटुंबाच्या सहनशक्तीचा प्रश्न आहे.

“हे काय लागलंय?”

“दुरुस्त होतंय.”

“पण तू दुरुस्तच करत होतास ना?”

चुलीवरची खिचडी होते, जेवणे आटोपतात, नातू झोपतो. वडील मात्र शेवटपर्यंत बसतात. त्यांनी दूरदर्शनवरच्या ‘व्यत्यय’च्या पाट्या पाहिलेल्या असल्याने त्यांना सवय असते.

समजा, सर्व सुरळीत झाले. १२० जीबीची डिस्क जोडलेली असेल तर पेटीच्या माहितीच्या पानावर आता शंभराच्या कितीतरी वर तास दिसतात. हे पान म्हणजे या उद्योगाचे फळ. पुढल्या शनिवारी मित्रमंडळींना जेवायला बोलावून ते दाखवले जाते. जेवणाआधी एकदा आणि उशिरा आलेल्यांना जेवणानंतर एकदा. पाहुणे टीव्हीसमोर उभे राहून तास पाहतात. कोणी म्हणतो, “वा!” कोणी म्हणतो, “माझ्याही पेटीचं बघशील का?” त्या क्षणी पुढचे कित्येक रविवार वाटले जातात. त्याच पानावर आतले तापमानही लिहिलेले असते. दोन डिस्क असल्याने ते चढलेले असते, आणि नवी डिस्क वेगाने फिरणारी असेल तर रात्री शांतता झाल्यावर ती ऐकूही येते. हे पाहुण्यांना दाखवत नाहीत.

आता एवढी जागा भरायची कशाने? ही काळजी टीव्होने आधीच केलेली आहे. डिस्कवर मोकळी जागा असली की पेटी आपल्या मनाने सुचवणीचे कार्यक्रम रेकॉर्ड करते. रिमोटवर हिरवा वर केलेला अंगठा आणि लाल खाली केलेला अंगठा असतो. कोणत्या कार्यक्रमाला कोणता दाबला यावरून ती घरच्यांची आवड ठरवते. पेटी आपल्याविषयी भलतेच समजून बसली आहे अशा तक्रारी २००२ साली वॉल स्ट्रीट जर्नलमध्ये छापून आल्या होत्या. मराठी घरांतल्या तक्रारी तिथवर पोचल्या नाहीत. दुपारी एकट्या बसलेल्या वडिलांनी हिरवे बटण शुभ दिसते म्हणून मासेमारीच्या एका कार्यक्रमाला ते तीनदा दाबलेले असते. लहान डिस्कवर हा गैरसमज दोन-तीन भागांत आटोपला असता. आता जागा आहे. श्रावणापर्यंत त्या शुद्ध शाकाहारी घरात अमेरिकेतल्या सर्व तळ्यांतले मासे पकडून होतात.

उरलेली जागा घरातली माणसे भरतात. एरवी पाहून पुसून टाकले असते ते सर्व आता राहते. स्वयंपाकाचे कार्यक्रम राहतात, कारण त्यातले काहीतरी एकदा करून पाहायचे आहे. व्यायामाचे राहतात, त्याच कारणासाठी. जागा कमी होती तेव्हा लोक रेकॉर्ड केलेले त्याच रात्री पाहत, नाहीतर ते जाईल अशी धास्ती असे. आता जात नाही, म्हणून पाहत नाहीत.

आणि ज्या क्रिकेटसाठी हे सगळे झाले त्याचे काय? २३ मार्च २००३ ची जोहान्सबर्गची अंतिम लढत या पेट्यांनी पहिल्या चेंडूपासून बेस्ट दर्जात टिपली. एवढ्या एका सामन्याला २६ जीबीच्या आसपास जागा लागते, म्हणजे मूळ डिस्कच्या दुप्पट. गृहस्थ जागा होऊन रिमोट हातात घेतो तोच धाकट्या भावाचा फोन येतो.

“दादा, बघितलंस? पाँटिंगने वाट लावली रे!”

“सांगू नकोस. रेकॉर्ड केलंय.”

“बरं, नाही सांगत. पण तीनशे एकोणसाठ कुठून होणार? त्यात सचिन पहिल्याच ओव्हरला गेला.”

भारत १२५ धावांनी हरला. पाँटिंगच्या नाबाद १४० धावा पेटीत स्वच्छ दिसतात; प्रत्येक षटकाराचा चेंडू शिवणीसकट दिसतो. तो सामना पाहायला कोणी बसत नाही. त्यावर ‘मी काढेपर्यंत ठेव’ अशी खूण केलेली असते.

“बघणार आहेस का तो?”

“नाही.”

“मग काढ.”

“असू दे. फायनल आहे.”

महिन्या-दोन महिन्यांत जागा पुन्हा कमी पडते. तेव्हा सेलमध्ये १६० जीबीची डिस्क येते. जुन्या पेटीला २८ बिटांचे पत्ते समजतात, त्यामुळे तिला त्यातले १३७ जीबीच दिसतात. उरलेल्या २३ जीबींसाठी लिनक्सचा गाभाच बदलावा लागतो. तो बदलला जातो.

टीव्होच्या पुढच्या पिढ्यांत मागच्या बाजूने बाहेरची डिस्क जोडायची सोय आली. तिला स्क्रू ड्रायव्हर लागत नाही, जम्पर लागत नाही आणि झाकण जागेवर राहते. साहजिकच या विद्येतल्या जाणकारांचा तिच्यातला रस लवकर संपला. पहिल्या पिढीच्या पेट्यांना वेळापत्रक पाठवणे २०१६ साली थांबले, तेव्हा आजीव वर्गण्याही संपल्या. ज्यांच्या माळ्यावर किंवा तळघरात अशी पेटी अजून असेल, त्यांनी ती सहज म्हणून चालू करून पाहू नये. वीस वर्षे पडून असलेल्या दोन डिस्क आहेत, एक अडकली की दोन्ही गेल्या. आधी दोन्हींची प्रत काढावी. आयएफ आणि ओएफ दोनदा वाचावेत, फोन बंद ठेवावा. आणि पेटी उघडण्यापूर्वी शेजाऱ्याचा टी-१० परत केला आहे का ते आठवून पाहावे. केला नसेल, तर तो घरातच आहे, स्क्रूंच्या वाटीत बघावा.